खरे वजन, खरी साक्ष

(कर्ज, ‘सिबिल’ आणि देवाचे वचन : मंडळीसाठी व शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

शास्त्रपाठ : अनुवाद २४:६, १०-१३, अनुवाद २५:१३-१६, नहेम्या ५:१-१३
मुखपाठ : अनुवाद २५:१५
पाठाचा हेतू : माणसाची पत तोलणारे वजन खरे असावे आणि त्याच्याविषयीची साक्ष खरी असावी, ही देवाची आज्ञा कशी आहे हे पाहणे, देशाच्या कायद्याने कर्जदाराला दिलेले हक्क समजून घेणे, आणि ह्या बाबतीत मंडळीचे कर्तव्य ओळखणे.



ह्या पाठाची सुरुवात मला माझ्याच एका चुकीपासून केली पाहिजे.

२०२१ सालची गोष्ट. आमच्या मंडळीच्या पंच कमिटीपुढे खजिनदार नेमण्याचा विषय होता. एका बंधूचे नाव पुढे आले. ते मालवाहू टेंपो चालवितात. उपासनेला कधी उशीर नाही, हिशेबाला चोख. त्याच महिन्यात त्यांच्या मुलीला नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता आणि फीसाठी बापलेकींनी मिळून एका बँकेकडे कर्जाचा अर्ज केला होता. अर्ज नामंजूर झाला. “वडिलांचे सिबिल खराब आहे,” एवढेच तोंडी सांगण्यात आले. रविवारपर्यंत ही बातमी मंडळीत सर्वांना कळली. कमिटीत मी म्हणालो, “ज्याचे स्वतःचे कर्ज थकले आहे त्याच्या हाती दानपेटी कशी द्यावी?” कोणी काही बोलले नाही. त्यांचे नाव मागे पडले.

तीन महिन्यांनी खरा प्रकार कळला. त्यांच्या नावावर मोटारसायकलचे एक थकलेले कर्ज दाखविले होते. ते त्यांनी कधी घेतलेच नव्हते. दुसऱ्या गावी त्याच नावाचा, त्याच वर्षी जन्मलेला एक गृहस्थ होता. त्याचे खाते ह्यांच्या नोंदीत येऊन बसले होते. अर्जविनंत्या करून अखेर ती नोंद निघाली. पण मुलीचे वर्ष गेले ते गेलेच. मी क्षमा मागायला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, आणि आवाज न चढविता म्हणाले, “भाऊ, बँकेने निदान एक कागद तरी पाहिला होता. तुम्ही तोही पाहिला नाही.”

ते बोल माझ्या मनातून गेले नाहीत. बँकेची चूक काय झाली आणि माझी काय झाली, हे शास्त्राच्या उजेडात पाहावे म्हणून मी हा अभ्यास केला. तो आपणांपुढे ठेवीत आहे.

१. ‘सिबिल’ म्हणजे काय?

कर्जासाठी कोणी बँकेत गेला की बँक त्याचा मागचा इतिहास पाहते. हा इतिहास बँक स्वतः लिहीत नाही. बँका व वित्तसंस्था आपापल्या कर्जदारांची माहिती पतमाहिती कंपन्यांकडे पाठवितात, आणि त्या कंपन्या प्रत्येकाचा एक अहवाल तयार करतात. अशा चार कंपन्यांना आपल्या देशात रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क. त्यांतली सिबिल ही पहिली, २००० साली निघालेली. म्हणून कोणत्याही कंपनीच्या अहवालाला लोक सरसकट ‘सिबिल’च म्हणतात.

अहवालावरून एक अंक काढला जातो. तो ३०० पासून ९०० पर्यंत असतो. हप्ते वेळेवर भरले काय, कर्ज घेऊन किती काळ झाला, कार्डाच्या मर्यादेपैकी किती रक्कम वापरली, थोड्या दिवसांत किती ठिकाणी अर्ज केले, अशा गोष्टींवरून तो ठरतो. बचत खात्यात किती पैसे आहेत हे त्यात येत नाही. मग माणूस खरे बोलतो काय, शेजाऱ्याच्या अडचणीला धावतो काय, हे त्यात कोठून येणार? तो अंक एकाच प्रश्नाचे उत्तर देऊ पाहतो : ह्याला दिलेले कर्ज परत येईल काय? तेही अंदाजाने. मी मात्र त्या अंकावरून एका बंधूचे चारित्र्य ठरवून मोकळा झालो.

ह्या पद्धतीत वाईटच सारे आहे असेही म्हणू नये. पूर्वी कर्ज हवे तर सावकाराची मर्जी लागे, किंवा बँकेत ओळखीचा मनुष्य लागे. ज्याची ओळख नाही, ज्याचे आडनाव साहेबाला परके वाटते, त्याला दारातूनच परत जावे लागे. लिहिलेली नोंद निदान नोंद आहे. ती सर्वांसाठी एकाच रीतीने लिहिली आणि खरी लिहिली, तर ती गरिबाच्याही उपयोगी पडते. तेव्हा प्रश्न तराजू असावा की नसावा हा नाही. वजन खरे आहे काय, हा प्रश्न आहे.

२. पिशवीतील दोन वजने

अनुवाद २५:१३-१६ उघडा. त्या काळी व्यापारी दगडाची वजने पिशवीत घेऊन फिरत. लबाड व्यापारी दोन प्रकारची वजने बाळगी : घेताना जड, देताना हलके. परमेश्वराने आपल्या लोकांना हे स्पष्ट मना केले. पिशवीत वजन एकच असावे, ते पुरे व न्याय्य असावे. लेवीय १९:३५-३६ व नीतिसूत्रे ११:१ येथेही हाच विषय आहे. लक्षात घ्या, ही आज्ञा उपासनेच्या विधींविषयी नाही, बाजाराविषयी आहे. तरीही खोट्या वजनाचा देवाला वीट आहे असे शास्त्र सांगते. शनिवारच्या बाजारातला व्यवहार आणि रविवारची उपासना हे देवाला वेगळे नाहीत.

कर्जाच्या बाजारात दोन वजने अनेकदा वापरली गेली आहेत. अमेरिकेचे उदाहरण घ्या. तेथे १९७४ पूर्वी विवाहित स्त्रीने स्वतःच्या कमाईवर कर्ज मागितले तर तिच्या नवऱ्याची सही मागत; तिला मुले होतील आणि नोकरी सुटेल असे धरून तिचा पगार अर्धाच मोजत, किंवा मोजतच नसत. पगार तोच, पण पुरुषाच्या हातात त्याचे वजन एक आणि स्त्रीच्या हातात दुसरे. १९७४ साली तेथील सरकारने समान पतसंधीचा कायदा करून लिंग किंवा विवाहस्थिती पाहून कर्ज नाकारण्यास बंदी घातली, आणि १९७६ साली त्यात वंश, वर्ण, धर्म, राष्ट्रीय मूळ, वय ह्या गोष्टी जोडल्या. त्याआधी १९७० सालीच, पतअहवालात काय लिहिले आहे हे जाणण्याचा व चूक असल्यास हरकत घेण्याचा हक्क तेथील कायद्याने नागरिकाला दिला होता.

आपल्या देशात रिझर्व्ह बँकेने २००३ साली कर्ज देणाऱ्यांसाठी न्याय्य व्यवहाराची संहिता घालून दिली. लिंग, जात व धर्म ह्यांवरून कर्ज देण्यात भेदभाव करू नये, असे तिच्यात सांगितले आहे. दुर्बल घटकांसाठी खास योजना असतील तर त्यांना ह्याची आडकाठी नाही. कर्जाच्या अर्जाची पोच द्यावी, आणि अर्ज नामंजूर केल्यास त्याची मुख्य कारणे लेखी कळवावीत, असाही बँकांना नियम आहे. आमच्या बंधूंना जे तोंडी सांगून वाटेला लावले, ते कागदावर मागण्याचा त्यांना हक्क होता. त्यांना तो ठाऊक नव्हता. मलाही नव्हता.

आणखी एक गोष्ट आपल्या तरुणांना उपयोगी आहे. ज्याने आजवर कर्जच घेतले नाही त्याचा इतिहास कोरा असतो. केवळ इतिहास नाही एवढ्याच कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत बँकांना सांगितले आहे. अमुक अंकाखाली कर्ज देऊच नये असा किमान अंक रिझर्व्ह बँकेने ठरविलेला नाही, असे सरकारनेही २०२५ साली संसदेत स्पष्ट केले. बँकेने चौकशी करावी, परतफेडीची ताकद पाहावी. पण कोऱ्या पानाला काळे पान समजू नये.

३. साक्षीदाराला जाब

दहा आज्ञांपैकी एक शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याविषयी आहे (निर्गम २०:१६). आणि निर्गम २३:१ मध्ये खोटी अफवा पसरविण्याची मनाई आहे. आपण ‘साक्ष’ म्हटले की कोर्टातला पिंजरा डोळ्यांपुढे आणतो. पण पतअहवाल हीसुद्धा एक साक्षच आहे. जो माणूस समोर हजर नाही त्याच्याविषयी ती बँकेच्या टेबलावर बोलते, आणि तिच्या शब्दावर कोणाचे घर, कोणाचे शिक्षण अवलंबून असते. अनुवाद १९:१५-१९ मध्ये एकट्या साक्षीदाराच्या शब्दावर कोणाला दोषी ठरवू नये आणि न्यायाधीशांनी नीट चौकशी करावी, असा दंडक आहे. साक्षीदारालाही जाब विचारता आला पाहिजे.

आपल्या संसदेने नेमकी हीच सोय २००५ च्या पतमाहिती कंपन्या (नियमन) अधिनियमाने केली. तो डिसेंबर २००६ मध्ये अमलात आला. त्याने व त्यानंतरच्या नियमांनी कर्जदाराला दिलेले हक्क शिक्षकांनी फळ्यावर लिहून समजावून द्यावेत :

(अ) आपला अहवाल पाहण्याचा हक्क. चारही कंपन्यांनी प्रत्येकाला त्याचा पूर्ण अहवाल वर्षातून एकदा फुकट दिला पाहिजे. हा नियम १ जानेवारी २०१७ पासून आहे. तसेच बँकेने आपल्याविषयी जी माहिती मागविली तिची प्रत बँकेकडे मागता येते.

(आ) दुरुस्तीचा हक्क. अहवालात चूक असेल तर कंपनीकडे किंवा कर्ज देणाऱ्या संस्थेकडे तक्रार करावी. ३० दिवसांत तिचा निकाल लागला पाहिजे.

(इ) भरपाईचा हक्क. २६ एप्रिल २०२४ पासून असा नियम लागू झाला की ३० दिवसांत तक्रार मिटली नाही, तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये तक्रारदाराला द्यावेत. ज्याच्याकडून विलंब झाला, मग ती बँक असो की माहिती कंपनी, त्याने द्यावेत.

(ई) सूचनेचा हक्क. आपला अहवाल कोणी मागविला तर त्याची खबर आपल्या फोनवर किंवा ईमेलवर आली पाहिजे. हप्ता थकल्याची नोंद पाठविताना बँकेनेही कळविले पाहिजे. म्हणून बँकेत दिलेला फोन नंबर बदलला तर तो लगेच कळवावा.

(उ) दाद मागण्याचा हक्क. संस्थेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला फी नाही. पतमाहिती कंपन्यांनाही १ सप्टेंबर २०२२ पासून ह्या योजनेत आणले आहे.

नोंदी लवकर सुधाराव्यात म्हणून १ जानेवारी २०२५ पासून संस्थांनी निदान पंधरा दिवसांनी एकदा माहिती पाठवावी असा नियम झाला. पूर्वी महिना लागे. थकलेला हप्ता आज भरला तर त्याची साक्षही लवकर पोहोचली पाहिजे, हा त्यामागचा हेतू.

१०० रुपयांनी कोणाचे बुडालेले वर्ष परत येत नाही. तरी नियमाचे तत्त्व जक्कयाच्या घरी शिकण्यासारखे आहे (लूक १९:८). प्रभू येशू घरी आला तेव्हा जक्कयाने नुसते वाईट वाटल्याचे सांगितले नाही. ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत देण्याचा शब्द दिला. नुकसान भरून देणे हा पश्चात्तापाचा भाग आहे.

४. सावकाराने दाराबाहेर उभे राहावे

आता अनुवाद २४ कडे वळू. तेथे गहाणाविषयी तीन नियम आहेत, आणि ते तिन्ही आजच्या व्यवहाराला लागू पडतात.

पहिला, वचन ६ : जाते किंवा त्याची वरची तळी गहाण घेऊ नये. जाते गेले की त्या घरची भाकर गेली. ज्याच्यावर माणूस जगतो तेच काढून घेतले तर तो कर्ज तरी कशाने फेडील? आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमात, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, घरातली स्वयंपाकाची भांडी, अंगावरचे आवश्यक कपडे ह्यांवर जप्ती आणता येत नाही असे सांगितले आहे. पूर्वीच्या आयाबायांनी जात्यावर बसून दळले आहे. त्यांना हा नियम समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरा, वचने १० व ११ : गहाण घेण्यासाठी कर्जदाराच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे, त्याने स्वतः आणून द्यावे. गरिबाच्या घराला उंबरठा आहे आणि त्याच्या आत त्याची अब्रू आहे, हे देवाने मानले. आज सावकार घरात शिरत नाही; फोनमध्ये शिरतो. फोनवरून कर्ज देणाऱ्या काही ॲपवाल्यांनी लोकांच्या फोनमधली नावे व फोटो काढून घेतले आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना व ओळखीच्यांना फोन करून बदनामी केली. काहींनी त्या लाजेने जीव दिला. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम केले : कर्जाच्या ॲपने फोनमधली नावांची यादी, फोटो, फोनच्या नोंदी ह्यांना हात लावू नये, कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या बँक खात्यात जावी, आणि विचार बदलल्यास ठरलेल्या मुदतीत मुद्दल व तेवढ्या दिवसांचे व्याज देऊन कर्जातून बाहेर पडता यावे. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी व संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असेही त्याच वर्षी सांगितले. बचतगटांना देतात तशा सूक्ष्म कर्जांसाठी ही वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ आहे. सावकाराने दाराबाहेर उभे राहावे, हीच आज्ञा येथे वेगळ्या शब्दांत आली आहे.

तिसरा, वचने १२ व १३ : गरिबाचे पांघरूण गहाण असेल तर सूर्य मावळताना ते परत द्यावे, म्हणजे त्याला झोपता येईल. परत देण्याला मुदत आहे आणि ती सूर्यास्ताची आहे. आपल्याकडे कर्ज फिटल्यावरही घराची कागदपत्रे महिनोन्महिने न मिळाल्याच्या कहाण्या पुष्कळांच्या घरी आहेत. १ डिसेंबर २०२३ पासून नियम असा आहे की कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करावीत. संस्थेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी.

ह्याला जोडून आणखी एक. १ ऑक्टोबर २०२४ पासून घरगुती व लहान उद्योगांच्या मुदत कर्जाला एक ‘मुख्य माहितीपत्रक’ देणे बंधनकारक झाले आहे. सगळे खर्च धरून वर्षाला शेकडा किती पडते, हे त्यात लिहावे लागते, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते. मराठी माणूस इंदूरला असो, वडोदऱ्याला असो की हैदराबादला, त्याने आपल्याला कळेल अशा भाषेत ते मागावे. न वाचता सही करू नये.

५. नहेम्याची सभा

काही बांधव म्हणतात, “सरकारने ह्यात का पडावे? धनको आणि ऋणको आपसांत पाहून घेतील.” नहेम्याचा ५ वा अध्याय ह्याचे उत्तर देतो.

यरुशलेमेचा कोट बांधणे चालू होते. तेवढ्यात लोकांचा आक्रोश उठला. दुष्काळात धान्यासाठी व राजाच्या करासाठी त्यांनी शेते, द्राक्षमळे, घरे गहाण टाकली होती. काहींच्या मुलामुलींना गुलामीत जावे लागले होते. आणि सावकार परके नव्हते, त्यांचेच भाऊबंद होते. नहेम्या सुभेदार होता. त्याला राग आला, पण त्याने आधी मनात विचार केला (वचन ७). मग त्याने सरदारांना व अधिकाऱ्यांना तोंडावर दोष दिला, मोठी सभा भरविली, शेते व घरे परत करावयास लाविली, शेकडा एक ह्या दराने घेतलेले परत करावयास सांगितले, आणि याजकांसमोर शपथ घेवविली. विशेष म्हणजे, आपण व आपले भाऊही कर्ज देणाऱ्यांत आहो हे त्याने लपविले नाही (वचन १०). नियम करणाऱ्याने प्रथम स्वतःला नियमाखाली घातले.

दख्खनच्या शेतकऱ्यालाही असा दिवस पाहावा लागला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले, आणि तो वणवा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर व दप्तरांवर होता. ती मिळवून त्यांनी जाळली. न वाचता येणाऱ्या माणसाच्या अंगठ्याखाली काय लिहिले आहे हे त्यालाच ठाऊक नसे. त्याच्याविरुद्ध साक्ष देणारा कागद त्याला वाचता येत नव्हता. म्हणून त्याने तो जाळला. चौकशीनंतर सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. कोर्टाने नुसता रोखा पाहू नये, देण्याघेण्याचा मागचा इतिहास तपासावा, अशी त्यात तरतूद होती. भरलेल्या पैशाची लेखी पावती, वर्षाचा हिशेब, पासबुक मागण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळाला. आपला अहवाल पाहण्याचा आजचा हक्क हा त्या पासबुकाचाच वारस आहे.

अलीकडचेही दाखले आहेत. २०१० साली आंध्र प्रदेशात एकेका घराला अनेक संस्थांनी सूक्ष्म कर्जे दिली होती, आणि वसुलीच्या जाचाने आत्महत्या झाल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारला अध्यादेश काढावा लागला. एका घरावर एकूण किती कर्ज आहे हे कोणीच पाहत नव्हते, हे तेव्हा उघड झाले. पुढे ह्या संस्थांनाही कर्जदारांची माहिती पतमाहिती कंपन्यांकडे देणे भाग पडले. म्हणजे जो अहवाल गरिबाला अडवतो, तोच नीट वापरला तर त्याला बुडण्यापासून वाचवितोही. १ एप्रिल २०२२ पासून नियम आहे की वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराचे सर्व हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ नयेत. तरीही जाच थांबला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटकात जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. बेळगाव भागातल्या आपल्या भगिनींना हे सांगावे लागणार नाही.

६. घेणाऱ्याचे कर्तव्य

हक्कांबरोबर कर्तव्य सांगितले नाही तर पाठ अर्धवट राहील. स्तोत्र ३७:२१ मध्ये उसने घेऊन परत न करणाऱ्याला दुर्जनांत बसविले आहे. रोमकरांस पत्र १३:७-८ मध्ये ज्याचे जे देणे असेल ते द्यावे, कोणाच्या ऋणात राहू नये, असा उपदेश आहे. कर्जमाफीची वाट पाहत मुद्दाम हप्ते थकविणे, खोटा पगाराचा दाखला जोडणे, ही ख्रिस्ती माणसाची चाल नव्हे. ज्याने खरे वजन मागावे त्याने स्वतः खोटे वजन ठेवू नये.

जामीन राहण्याविषयीही सांगितले पाहिजे. नीतिसूत्रे ६:१-५ व २२:२६-२७ येथे ह्याचा इशारा आहे. “पाळकसाहेब, नुसती सही तर करायची आहे,” असे म्हणत आपले लोक जामीन राहतात. कर्जदाराने थकविले तर त्याचा डाग जामिनाच्या अहवालावरही येतो. सही करण्यापूर्वी, वेळ पडल्यास ही रक्कम मी भरीन काय, हे घरी बसून ठरवावे. पौलाने अनेसिमासाठी फिलेमोनाला लिहून दिले की त्याचे देणे माझ्या हिशेबी मांड, मी फेडीन (फिलेमोन १८-१९). ज्याला तसे म्हणता येते त्यानेच जामीन राहावे.

तसेच तडजोडीने थोडे पैसे भरून खाते मिटविले तर अहवालात ते ‘पूर्ण फेडले’ असे न दिसता ‘सेटल्ड’ असे दिसते. शक्य असेल तर पूर्ण फेडावे, थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा आणि तो जपून ठेवावा.

७. मंडळीने काय करावे?

पहिली गोष्ट, मंडळीतल्या दोघातिघा शिकलेल्या तरुणांनी वर्षातून एक रविवार दुपारी बसून वडीलधाऱ्यांना व बचतगटातल्या भगिनींना आपापला फुकट अहवाल काढून वाचून दाखवावा. त्यात जे दिसेल ते त्यांनी आपल्याजवळच ठेवावे.

दुसरी, चूक आढळली तर तक्रारीचा अर्ज लिहून द्यावा, तारखा टिपून ठेवाव्यात, ३० दिवस मोजावेत. आमच्या बंधूंना त्या तीन महिन्यांत पैशापेक्षा सोबतीची गरज होती. बँकेच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसायला आमच्यातला कोणी गेला नाही.

तिसरी, कोणाचे कर्ज नामंजूर झाल्याचे कानावर आले तर ते पुढे सांगू नये. बँकेच्या अहवालाला दुरुस्तीचा कायदा आहे. मंडळीत पसरलेल्या बोलण्याला तसा कायदा नाही. ते ज्याने बोलले त्यालाच जाऊन दुरुस्त करावे लागते.

मला ते करावे लागले. त्यांच्या घरी क्षमा मागितली खरी, पण मी आरोप केला होता कमिटीसमोर. म्हणून पुढच्या बैठकीत त्यांच्या उपस्थितीत मी उभा राहून सांगितले की माझे बोलणे खोटे होते, आणि ते इतिवृत्तात लिहून घ्यावे अशी विनंती केली. पुढील वर्षी ते खजिनदार झाले. त्यांची मुलगीही एक वर्ष उशिरा का होईना, शिकावयास गेली. नेमणूक झाल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी दान मोजताना मला शेजारी बसविले आणि म्हणाले, “भाऊ, तुम्हीही मोजा. दोघांनी मोजलेले बरे.”

बंधुभगिनींनो, आपणा प्रत्येकाचा एक अहवाल देवापुढे आहे, आणि त्यात दुसऱ्याचे खाते चुकून आलेले नाही. सगळी थकबाकी आपलीच आहे. कलस्सैकरांस पत्र २:१४ सांगते की आपल्याविरुद्ध असलेला तो कर्जाचा लेख देवाने पुसला आणि ख्रिस्ताच्या वधस्तंभाला खिळला. मत्तय १८:२१-३५ मधल्या चाकरालाही मोठी सूट मिळाली होती, आणि बाहेर पडताच त्याने थोडक्या देण्यासाठी सोबत्याचा गळा धरला. आपण त्या चाकरासारखे होऊ नये. आपल्या बंधूविषयी बोलण्यापूर्वी निदान कागद पाहावा, आणि कागद पाहिल्यावरही त्याचे म्हणणे ऐकावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. अनुवाद २४:६, १०-११ व १२-१३ ह्या तीन नियमांतून देव कर्जदाराच्या कोणत्या तीन गोष्टींचे रक्षण करतो?
२. ‘दोन वजने’ आपल्या घरात, शाळेत किंवा मंडळीत कोठे वापरली जातात? मुलामुलींमध्ये भेद करताना आपण कोणते वजन वापरतो?
३. नहेम्याने सभा भरविण्यापूर्वी काय केले? त्यावरून अन्यायाविषयीच्या रागाबद्दल काय शिकता येते?
४. पतअहवालात चूक असेल तर कोणती पावले टाकावीत? किती दिवसांनंतर भरपाई मागता येते?
५. आपण कोणाविषयी ऐकीव गोष्ट बोललो आहो काय? ती ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोर दुरुस्त करता येईल काय?

शिक्षकांस सूचना : लहान मुलांच्या वर्गात एक तराजू आणि सारख्या दिसणाऱ्या, पण वेगवेगळ्या वजनाच्या दोन पिशव्या न्याव्यात. मुलांना आधी नुसते पाहून जड कोणती ते सांगू द्यावे, मग तोलून पाहू द्यावे. त्यानंतर मुखपाठ घ्यावा. पाठाच्या शेवटी कर्जाच्या ओझ्याखाली असलेल्या कुटुंबांसाठी, नावे न घेता, प्रार्थना करावी.